जिम्नी: दोन इंची लिफ्ट, मोठे टायर, की दोन्ही नकोत?

प्रश्न – पाणंदवाट

नमस्कार. माझ्याकडे मारुतीची पाच दारांची, मॅन्युअल गिअरची फोर-व्हील जिम्नी आहे. २०२३ मध्ये घेतली. आठवड्याचे पाच दिवस ती कोल्हापुरात कामावर जाण्या-येण्यासाठी चालते आणि शनिवार-रविवार आजरा तालुक्यातल्या शेतावर जाते. डांबरी रस्ता सोडल्यावर शेतापर्यंत साधारण अडीच किलोमीटरची पाणंद आहे. ऊसतोडीच्या हंगामात तिथून भरलेल्या ट्रॉल्या जातात, त्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला पट्टा तसाच उंच राहतो. त्यावर गवत वाढते आणि गवताखाली कुठे दगड आहे ते दिसत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की चाकोऱ्या पाण्याने भरतात आणि त्यांची खोली कळेनाशी होते. पुढे एक ओढा लागतो. त्यात उतरायला त्रास नाही, पण पलीकडचा काठ चढून सपाटीवर येताना गाडीचे पोट काठाच्या टोकाला लागते.

गेल्या पावसाळ्यात मी चाकोरीत दोनदा अडकलो. दुसऱ्या वेळी फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) लावूनही चाके जागच्या जागी फिरत राहिली, कारण गाडी मधल्या उंचवट्यावर पोटावर बसली होती. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. “डोंगर चढते म्हणून घेतलीस आणि घरच्या पाणंदीत बसली,” हे चुलतभावाचे वाक्य आता भावकीच्या प्रत्येक जेवणात ऐकावे लागते.

एका दुकानात चौकशी केली. त्यांनी ५० मिलिमीटरची सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे उंच स्प्रिंग आणि लांब शॉकअप, आणि त्यासोबत २३५/७५ आर १५ मापाचे मड टायर (चिखलासाठी खोल नक्षीचे) सुचवले. नवीन रिम वेगळे, आणि एकूण खर्चाचा आकडा लाखाच्या पुढे गेला. कंपनीचे टायर १९५/८० आर १५ आहेत (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). माझी अडचण सुटण्यासाठी एवढे सगळे खरोखर लागते का, आणि केले तर महामार्गावर गाडी पूर्वीसारखी चालेल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे.


उत्तर – सव्वासातशे

आपण एकाच प्रश्नात दोन निराळ्या अडचणी सांगितल्या आहेत आणि दुकानदाराने दोन्हींवर एकच औषध दिले आहे. चाकोरीत गाडी बसते तेव्हा काय टेकते आणि ओढ्याच्या काठावर काय टेकते, हे आधी वेगवेगळे पाहायला हवे.

जिम्नीचे पुढचे आणि मागचे दोन्ही अॅक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आडवे दांडे, सलग आहेत. स्प्रिंग अॅक्सलच्या वर बसतात. त्यामुळे स्प्रिंग ५० मिलिमीटर उंच केले की चेसिस, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी, बंपर हे सगळे तेवढे वर जाते. पण अॅक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा जिथे होता तिथेच राहतो. तो उचलण्याचा एकच मार्ग आहे, मोठ्या व्यासाचा टायर. आणि त्यातही व्यासात जेवढी वाढ होईल तिच्या निम्मीच गोळ्याला मिळते.

हिशेब करून पाहा. १९५/८० आर १५ या टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५, म्हणजे गोळा जेमतेम ५ मिलिमीटर वर जाईल. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५, म्हणजे २० मिलिमीटर. आपल्या चाकोरीचा उंचवटा गोळ्याला लागत असेल, तर लिफ्टचे सगळे पैसे खर्चूनही गाडी त्याच जागी बसेल, फक्त बसलेली असताना ती अधिक रुबाबदार दिसेल.

ओढ्याच्या काठाचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे प्रश्न दोन चाकांच्या मधल्या पोटाचा आहे. तीन दारांच्या जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,२५० मिलिमीटर आहे, आपल्या पाच दारांच्या गाडीत ते २,५९० आहे. मापात वाढलेले हे ३४० मिलिमीटर मागच्या सीटवर सुखाचे असतात आणि काठाच्या टोकावर नडतात. कंपनी पाच दारांच्या गाडीचा रॅम्पओव्हर कोन, म्हणजे पोट न लागता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन, २४ अंश सांगते. ५० मिलिमीटरच्या लिफ्टने ढोबळ हिशेबाने त्यात चारएक अंशांची भर पडते आणि इथे लिफ्टचा खरोखर उपयोग होतो.

तेव्हा कोणालाही पैसे देण्याआधी गाडी धुऊन घ्या, खाली पोते टाकून आडवे व्हा आणि कुठे कुठे रंग खरवडला आहे ते बॅटरी मारून पाहा. घासलेल्या जागा इथे लिहा, मग पुढचे बोलता येईल.


उत्तर – जुनी जिप्सी

मी सव्वीस वर्षे जिप्सी चालवली. तिला पाट्यांचे सस्पेन्शन होते, म्हणून उंची वाढवायची तर एक पाटा वाढवायचा किंवा लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी पट्टी) टाकायचे, एवढाच तेव्हाचा रिवाज होता. मी दोन्ही केले आणि वर मोठे टायरही चढवले. गाडी फार देखणी दिसायची. मात्र आंबोली घाटात तिसऱ्या गिअरवर जी चढण ती पूर्वी घेत असे, ती नंतर दुसऱ्यावर घ्यावी लागली, आणि ब्रेकवर पाय ठेवल्यावर गाडी थांबण्याआधी थोडा विचार करू लागली. दीड वर्षाने मूळ मापाचे टायर परत आणले. काढलेला संच अजून गोठ्याशेजारी आहे, त्यावर कोंबड्या बसतात.

जिम्नीचे इंजिन १,४६२ सीसीचे आहे आणि त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३४ न्यूटन-मीटर. एवढ्या इंजिनावर ७३३ मिलिमीटरचा टायर चढवला की प्रत्येक गिअर सुमारे सहा टक्क्यांनी लांबतो. कागदावर हे सहा टक्के फार दिसत नाहीत. पण मड टायर मूळच्या टायरपेक्षा जडही असतो, आणि फिरत्या चाकाचे वजन आधी इंजिनाला ओढावे लागते, मग ब्रेकला थांबवावे लागते. फोर-लोमध्ये हे जाणवणार नाही, परंतु आपण आठवड्यातले पाच दिवस कोल्हापुरात सिग्नलवर उभे असणार आहात.

आता चाकोरीबद्दल. पाणंदीत गाडी घालताना चाके चाकोरीत सोडायचीच नसतात. एका बाजूचे चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूचे बांधाकडच्या कडेवर ठेवून, चाकोरी गाडीच्या पोटाखाली घेऊन चालायचे. जागा अरुंद असेल तर कुणाला तरी पुढे चालायला लावायचे आणि त्याच्या हाताकडे बघत गाडी न्यायची. पावसात उंचवटा निसरडा होतो आणि चाक घसरून चाकोरीत जाते, हे खरे. म्हणून टायर बदला, पण मापासाठी बदलू नका, नक्षीसाठी बदला. कंपनीचा टायर डांबरासाठी केलेला आहे. आपल्याकडच्या तांबड्या मातीने त्याच्या खाचा भरल्या की तो भाकरीसारखा सपाट होतो.

राहिला ओढ्याचा काठ. तो आपल्या शेताच्या वाटेवर आहे, हिमालयात नाही. उन्हाळ्यात दोन ट्रॉल्या मुरूम टाकून त्याचे टोक मोडा. गाडीपेक्षा काठ बदलणे स्वस्त पडते.


पाणंदवाट

दोघांचेही आभार. काल गाडी धुतली आणि खाली शिरून पाहिले. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याचा तळ चांगलाच खरवडला आहे, काळा रंग जाऊन धातू चकाकतो आहे. मागच्या शॉकअपचे खालचे ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी घासलेले आहेत आणि त्यांच्या खाचेत वाळलेले गवत अडकले होते. ही दोन्ही ठिकाणे अॅक्सलवरचीच आहेत, म्हणजे सव्वासातशे यांचे म्हणणे बरोबर ठरते. गिअरबॉक्सखालच्या आडव्या सळईवर मात्र एकच आडवा ओरखडा आहे आणि तो ओढ्याचा असणार.

मुरुमाची सूचना वाचून घरच्यांना फार आनंद झाला. तरीही लिफ्टबद्दल दुसरी बाजू ऐकायची इच्छा आहे, कारण वर्षातून दोनदा मी मित्रांसोबत सह्याद्रीत लांब फिरायला जातो आणि तिथे मुरूम नेता येत नाही.


उत्तर – चौदाचा पाना

दुसरी बाजू मी मांडतो. माझ्या जिम्नीला दोन वर्षांपासून ५० मिलिमीटरची लिफ्ट आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. जुनी जिप्सी यांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु पाटे वाढवून केलेली उंची आणि नीट जुळवलेले कॉइल स्प्रिंग व शॉकअप यांत फरक आहे. ओढे, खडकांच्या पायऱ्या, वाटेवर पडलेल्या दरडीचे ढिगारे अशा जागी माझ्या गाडीचे पोट पूर्वीपेक्षा खूप कमी वेळा लागते. मात्र लिफ्ट म्हणजे चार स्प्रिंग बदलणे असे समजून जो ती करतो, त्याला ती पुढे महाग पडते. मलाही पहिले तीन महिने महाग पडली, म्हणून सविस्तर लिहितो.

जिम्नीचा पुढचा अॅक्सल चेसिसला दोन लांब आर्मनी जोडलेला असतो. चेसिस वर गेली की हे आर्म खाली झुकतात आणि त्यांच्यासोबत संपूर्ण अॅक्सल थोडा पुढच्या बाजूला फिरतो. त्यामुळे कॅस्टर नावाचा कोन कमी होतो. कॅस्टर म्हणजे काय हे समजायला सायकलचा पुढचा चिमटा डोळ्यांपुढे आणा: तो तिरका असतो म्हणूनच हँडल सोडले तरी सायकल सरळ जाते. तो तिरकेपणा कमी झाला की स्टिअरिंग वळणानंतर आपणहून मध्यावर येत नाही आणि गाडी महामार्गावर सतत सावरावी लागते. माझ्या गाडीत याहून वाईट झाले. ताशी ८० च्या वेगाने पुलाच्या जोडावरून गेलो आणि पुढची दोन्ही चाके अशी थडथडू लागली की आरसे धूसर झाले. वेग ४० च्या खाली आणेपर्यंत ते थांबले नाही. ज्या गॅरेजने लिफ्ट बसवली होती त्यांनी “मोठ्या टायरला एवढे होतेच” असे सांगून मला परत पाठवले. होत नाही. पुढच्या आर्ममध्ये भोक मध्याऐवजी बाजूला असलेले दुरुस्तीचे बुश (सांध्यातले रबर) टाकल्यावर, चाकांचे बॅलन्सिंग नव्याने केल्यावर आणि अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरचा आकडा प्रत्यक्ष पाहिल्यावर तो त्रास पूर्ण गेला.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. हा आडवा रॉड अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. त्याचे एक टोक चेसिसवर आणि दुसरे अॅक्सलवर असल्याने गाडी उचलली की त्याचा कोन बदलतो आणि अॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. मागून पाहिल्यास एक चाक मडगार्डच्या बाहेर आणि दुसरे आत दिसते. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घेतला की हे जुळते. याखेरीज चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा ब्रेकचे होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे गाडी जॅकवर घेऊन डोळ्यांनी पाहावे. हेडलाइटचा झोतही वर जातो, तो खाली घ्यायला विसरू नये, नाहीतर समोरून येणारा आपल्या नावाने बोटे मोडतो.

स्प्रिंग निवडताना उंचीपेक्षा वजनाचा विचार आधी करा. जाड स्प्रिंग लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचे यंत्र) आणि छतावरचे सामान नेहमी वाहणाऱ्या गाडीसाठी असते. जिम्नी मुळात बाराशे किलोच्या आसपासची हलकी गाडी आहे. तिला जड वजनाचे स्प्रिंग टाकून आपण एकटेच बसलात, तर ती प्रत्येक गतिरोधकावर टाळ्या वाजवत जाईल आणि पाणंदीत चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उडेल. आपल्याकडे विंच नाही, बंपर मूळचाच आहे. मग घ्यायचेच झाल्यास सर्वांत हलक्या वजनाच्या प्रकारातली, ३० ते ४० मिलिमीटरची लिफ्ट पुरे. एवढ्या उंचीत वरच्या दुरुस्त्या नाहीशा होत नाहीत, पण सौम्य होतात.

टायरबाबत माझे जुनी जिप्सी यांच्याशी एकमत आहे. २३५ रुंदीचा टायर मूळच्या साडेपाच इंची रिमवर नियमाने बसतच नाही, त्याला किमान सहा इंची रिम लागतो. म्हणूनच दुकानदाराने रिमही सांगितले. २१५/७५ आर १५ साडेपाच इंचीवर बसतो.


उत्तर – कागदपत्र

वरील चर्चेत कायद्याचा मुद्दा कुणी काढला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नाक्यावर कोणी टेप घेऊन उंची मोजत नाही, हे मलाही माहीत आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र गाडीखाली वाकून बघतो, आणि न कळवलेला बदल दिसला तर दावा अडकू शकतो. म्हणून जो काही बदल कराल तो आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

स्पीडोमीटरचाही विचार करावा. २१५/७५ मुळे काटा १०० वर असताना चाक मूळ मापापेक्षा दीड टक्का अधिक अंतर कापते, ते सोडून देण्याजोगे आहे. २३५/७५ मध्ये हाच फरक जवळपास सहा टक्के होतो, आणि वेग मोजणारा कॅमेरा आपला काटा पाहत नाही.


उत्तर – सव्वासातशे

घासलेल्या जागा कळल्यावर माझे मत असे: आपले मुख्य दुखणे अॅक्सलचे आहे, तेव्हा लिफ्ट हा त्यावरचा उपाय नाही. २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींसाठीचे) घ्या. हे बोलेरोचे माप आहे, त्यामुळे आजऱ्यात किंवा गडहिंग्लजमध्ये रविवारी दुपारी टायर फाटला तरी त्या मापाचा काहीतरी टायर मिळेल. २३५ च्या मड टायरसाठी आपण दोन दिवस बसून राहाल. शिवाय पाणंदीत चिखलाखाली कठीण थर असतो, तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो. रुंद टायरचा फायदा वाळूत आणि तळ नसलेल्या दलदलीत. मड टायर महामार्गावर गुणगुणतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते. पावसाळ्यात आपण चिखलात पाच किलोमीटर आणि ओल्या डांबरावर दीडशे किलोमीटर चालवणार आहात.

गोळ्याखाली जाड पत्र्याचे गार्ड मिळते, ते लावून घ्या. त्याने उंची वाढणार नाही, उलट पत्र्याच्या जाडीएवढी कमीच होईल. पण गवतातला दगड लागल्यावर गोळ्याऐवजी पत्रा खरवडेल. पाणंदीच्या तोंडाशी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरावर आल्यावर परत भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर डिकीत ठेवा. हवा उतरवल्याने गाडी किंचित बसते, हे लक्षात ठेवूनही सांगतो की निसरड्या उंचवट्यावर चाक टिकवण्यात याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.


पाणंदवाट

ठरले ते कळवतो. २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन चार टायर आणि मागच्या गोळ्याला गार्ड. मुरूम मे महिन्यात टाकायचा आहे, ट्रॉली चुलतभावाचीच असल्याने तो त्या दिवशी काय काय बोलेल याची तयारी ठेवली आहे. लिफ्टचा निर्णय पावसाळ्यानंतर, आणि घेतली तर ४० मिलिमीटरच्या आत, बुश आणि रॉडसह. तूर्त स्टेपनी जुनीच ठेवतो, तिला हात लागलेला नाही.


उत्तर – चौदाचा पाना

चार नव्हे, पाच घ्या. जिम्नीच्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, दोन्ही शाफ्ट एकमेकांशी कायम बांधलेले फिरतात. पंक्चर झाल्यावर एका अॅक्सलवर ६९३ चा आणि बाकी तीन ठिकाणी ७०३ चा टायर घेऊन आपण फोर-हाय किंवा फोर-लो लावले, तर तो फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला जोर देणाऱ्या गिअरपेटीला, सोसावा लागतो. चिखलात चाक घसरून तो सुटतो, कोरड्या खडकावर सुटत नाही. आणि नवी स्टेपनी मागच्या दारावर जड होईल, तेव्हा बसवल्यावर दार उघडून बिजागऱ्या आणि दाराचा रबर एकदा पाहून घ्या. चाकांचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.